अक्काचं पाहुण्यांचं पाणी

"स्वल्प थांब, पाणी असं देतात होय?" म्हणत अक्का तांब्या डोक्याच्या वर धरायची आणि खालच्या भांड्यात धार सोडायची. पुन्हा या भांड्यातून त्या भांड्यात. मग फडक्यातून गाळायची. घोटभर पाण्यासाठी ताटकळत ठेवणारी अशी एखादी बाई तुमच्याही माहितीत असेल.

बेंगळूरच्या आमच्या वठारात एका रांगेत खोल्या आणि सगळ्यांना मिळून मालकाची एकच बोअर. आई अगरबत्त्या वळायची, वडील चिकपेटेत कापडाचे गठ्ठे उचलायचे. मी बीएस्सी झाले, घराण्यात पहिली. हे मी मिरवूनच सांगते, फुकट नाही मिळालं. निकालादिवशी शेजारच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या विधवा अक्कानं दारोदार साखर वाटली. "आमची पोरगी सायंटिस्ट झाली री!"

सायंटिस्ट कसली, प्रयोगशाळेत मदतनीस. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बोअरच्या पाण्यातला रेडॉन मोजायचं काम. जमिनीखालच्या ग्रॅनाइटमधून पाण्यात उतरणारा किरणोत्सारी वायू. दिसत नाही, वास नाही, फुप्फुसांना घातक. पाणी ढवळलं, ओतलं की उडून जातो. म्हणून बाटली बादलीत बुडवून भरायची, झाकणही पाण्यातच लावायचं. एक बुडबुडा चालत नाही.

आम्हाला कावेरीचा नळ हवा होता; मालक म्हणे, बोअर बरी आहे. शेवटी पाणी तपासायचं ठरलं. घरचा नमुना आपण घ्यायचा नाही, हा आमचा नियम, म्हणून दुसरा माणूस आला. अक्कानं त्याला कॉफी दिली, बाटली काढून घेतली आणि आतून भरून आणली. त्यानं भिडेपोटी ती तशीच नेली. वायू जवळजवळ नाहीच! मालकानं निकाल पंपाशेजारी चिकटवला.

"अक्का, बाटली कशी भरलीस?"

"कशी म्हणजे? तुझ्या ऑफिसचा माणूस. त्याला बोअरचं कच्चं पाणी देऊ? उंचावरून ओतलं, गाळलं. तुझी लाज राखली."

मी समजावलं. तिनं तांब्या पालथा घातला. "म्हणजे मालकाला मीच जिंकवलं."

सकाळी ती पंपापाशी उभी. "अण्णा, ती बाटली मी बिघडवली. परत भरायची."

"खोली नको झाली का, अक्का?" मालकानं विचारलं.

"सरी, हरकत नाही, खोली घे. पाणी भरू दे."

सगळं वठार जमलेलं. मालकाला नाही म्हणता येईना. तोच माणूस पुन्हा आला. बादली अक्कानं धरली आणि वर त्यालाच दम दिला, "बुडबुडा नको हां!"

या वेळी आकडा फारच चढा आला. नळाचा अर्ज मालकानं केला, आणि अक्काला खोली सोडायला सांगितलं. नळासाठी ओरडणारी तोंडं तेव्हा मिटली. मी भांडायला गेले, तर म्हणाला, "मेडम, तुमचा नळ येतोय ना?"

अक्का होसकोटेला भावाकडे गेली. तिथंच वारली. कशानं, ते मी या वायूवर ढकलणार नाही. मला माहीत नाही.

वठारात आता कावेरीचं पाणी येतं. अक्काच्या खोलीत मालकानं सिमेंटची पोती ठेवली आहेत.