फायबरचं मोकळं टोक

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, एका रविवारी दुपारी, माझा लेसर पहिल्यांदा नीट चालला. काचेच्या केसाएवढ्या फायबरचं एक वेटोळं, आणि त्यातून एकाच वेळी सहा वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश. तोही सलग नाही, अत्यंत अल्पकाळाच्या स्पंदांमध्ये. पडद्यावर सहा शिखरं उभी होती. टेबलाला नुसता धक्का लागला तरी ती मोडायची. खुद्द तो प्रकाश मात्र डोळ्यांना दिसत नाही.

तेवढ्यात आप्पा, माझे वडील, प्रयोगशाळेत डबा घेऊन आले. ते कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला होते, त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. "बसा, दोन मिनिटं," एवढंच म्हणून मी आकडे उतरवत राहिले. मागे वळले तर टेबलावरचं एक मोकळं टोक त्यांनी चिमटीत धरून डोळ्यापाशी नेलं होतं. तुटलेला धागा ते असाच निरखायचे.

"आप्पा!" मी त्यांच्या हातावर फटका मारला आणि लेसर बंद केला.

"काय व्हयनं?"

"डोळ्यात काही चमकलं? टोचलं?"

"माले काहीच दिखनं नही."

त्यानं धीर येण्यासारखं काही नव्हतं; हा प्रकाश न दिसताच डोळा जाळू शकतो. मोकळी टोकं दोन होती. एकातून मोजण्यापुरता थोडा प्रकाश यायचा, दुसऱ्यातून बाकीचा सगळा. दोन्ही सारखीच पिवळी, आणि टोपणं मी लावलीच नव्हती. माझ्या फटक्यानं दोन्ही खाली लोंबत होती. त्यांनी कोणतं उचललं होतं, ते ना त्यांना सांगता येत होतं ना मला.

रिक्षा करून पर्वत पाटियाजवळचा, रविवारी उघडा असणारा डोळ्यांचा दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी तरंगलांबी विचारून कागदावर लिहून घेतली, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि बाहेर बसवलं. आप्पा डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "डोया गया ते लूमवर कोन ठेई माले?"

त्यात तक्रार नव्हती, ते खरंच विचारत होते. मी त्यांचा हात धरला.

आत बाईंनी डावा डोळा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला. "काका, आंख सारी छे," म्हणाल्या, म्हणजे डोळे चांगले आहेत. "तरी आठवड्यानं परत दाखवा." आठवड्यानंतरही डोळे ठीकच निघाले.

सोमवारी मी माझ्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. सहा शिखरांचा आलेख आधी दाखवायचा मोह झाला होता. तो बॅगेतच ठेवला. सर ओरडले नाहीत. "टोपणं कुठं होती?" त्यांनी विचारलं.

"ड्रॉवरमध्ये."

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि पंधरा दिवस ती मागितली नाही.