मामंजींचा दुसरा फोटो

आमच्या वरच्या मजल्याला इथिओपियाची किरायदारीण मिळाली, त्या दिवशी माझी तव्यावरची भाकरी करपली. ह्यांचा मोंढ्यातल्या भुसारच्या दुकानातून फोन आला.

"अगं, कृषी विद्यापीठात ज्वारीवर शिकायला एक पोरगी आलीय आफ्रिकेतून. तिला हॉस्टेल नको, घर पाहिजे म्हणते. हो म्हणू का?"

मी हो म्हणाले, आणि भाकरी तशीच सोडून शेजारीपाजारी सांगूनही आले. परभणीत आम्हाला किरायदार मिळायचे ते पेडगावचे, राणीसावरगावचे, पोरांच्या शिकवणीसाठी आलेले. आता समुद्रापलीकडचं माणूस आमचा जिना चढणार होतं! मी पडदे धुतले, फरशा घासल्या, नवी चादर आणली. बीए झाल्यापासून गंज चढलेलं माझं इंग्रजी भांडी घासताना मोठ्यानं बोलून बघितलं.

एकच अडचण होती. वरच्या हॉलमध्ये सासऱ्यांचा फोटो होता. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसवून पुरतात. मामंजींचा तो फोटो त्या दिवशीचा होता. गळाभर हार, डोळे मिटलेले. वरचा मजला त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता, म्हणून सासूबाईंनी फोटो वरच लावला होता. रोज सकाळी जिना चढून त्या त्याच्यापुढं उदबत्ती लावायच्या.

"परदेशी पोरगी भिऊन पळून जाईल," हे म्हणाले. "खाली आणा तो."

सासूबाई भडकल्या. "घर बांधलं त्यायनी, अन् त्यायलाच खाली उतरवायलास का रे?"

शेवटी मीच स्टुलावर चढून फोटो काढला. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका चौकोन राहिला, मधे खिळा. सासूबाई माझ्याशी धड बोलेनात.

ती रिक्षातून उतरली तेव्हा अर्धी गल्ली दारात होती. उंच, शेलाटी, अंगावर पांढरी शाल. हात जोडून पाठ केलेलं म्हणाली, "नमस्कार. मला घर बघायचं आहे." पोरं टाळ्या पिटायला लागली. मला तर नाचावंसं वाटत होतं. वर आल्यावर तिनं खिडक्या उघडल्या, गच्ची बघितली, आणि मग त्या चौकोनापुढं थांबली.

"इथं काय होतं?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"सासऱ्यांचा फोटो."

"माझ्यामुळं काढलात?"

मला खोटं बोलता येईना. ती म्हणाली, "मला बघायचाय."

सासूबाई जिन्यातच उभ्या होत्या. इंग्रजी न कळताही त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्या खाली गेल्या आणि पदरात धरून फोटो घेऊन आल्या. पोरीनं काचेवर बोटं ठेवली. "किती शांत दिसतात! कुठला सण होता?"

मी मराठीत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "सन कशाचा, माय. मालक गेलते तवाचा हाय."

मी तेही सांगितलं. पोरीचा हात झटकन मागं आला. संपलं, मला वाटलं, आता ही बॅग उचलणार. पण ती फरशीवर सासूबाईंच्या शेजारी बसली आणि विचारायला लागली. कुणी बसवलं त्यांना? मान कशी सावरली?

"भितीला टेकवलं. मान मी धरली," सासूबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

सगळं ऐकून ती हळूच म्हणाली, "मला आदर आहे. पण खरं सांगते, एकटीला याच्याखाली झोपायची भीती वाटेल."

मी उगाच पदरानं फोटोची काच पुसू लागले.

"काय म्हनायली?" सासूबाईंनी दटावून विचारलं. मी सांगितलं, आणि त्या चक्क हसल्या. "खरं बोलली बघ. मला बी पहिल्यांदा लय भ्या वाटलतं."

"मग कावून लावलात, आत्याबाई?" मी विचारलं.

"लावायजोगा दुसरा फोटू कुटं होता?" म्हणता म्हणता त्या थबकल्या. तरातरा खाली गेल्या, पाठोपाठ आम्ही दोघी. लुगड्यांच्या घडीतून त्यांनी एक फोटो काढला. येलदरीचं धरण, दारं उघडलेली, मागं पाण्याचा फवारा, आणि पुढं मामंजी बोडक्या डोक्यानं खदाखदा हसताना. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"टोपी उडून पान्यात गेलती," सासूबाई म्हणाल्या. "दात काढलेला फोटू कोन लावतं भितीला? म्हनून ठिवून दिला."

"हाच!" पोरगी ओरडलीच. "हाच लावा! यांच्यासोबत मी राहीन."

आम्ही तिघी एका रिक्षात कोंबून फ्रेमवाल्याकडं गेलो. फोटो मोठा करून, काच बसवून होईपर्यंत तिथून हललो नाही. फ्रेमवाल्यानं विचारलं, "हार लावू का चंदनाचा?"

"खबरदार!" सासूबाई म्हणाल्या. "ह्या फोटूत ते जिते हायेत."

तो त्याच खिळ्यावर लागला. बसलेले मामंजी खाली देवघराशेजारी राहिले. सासूबाईंना ते सोयीचंच झालं, गुडघे दुखत होतेच.

मग तिची पाळी आली. बॅगेतून तिनं गुंडाळलेलं देवाचं एक चित्र काढलं. मोठ्या मोठ्या डोळ्यांची आई, मांडीवर लेकरू. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "हे बकरीच्या कातड्यावर काढलेलं आहे. तुमच्या घरात मांस चालत नाही, मला माहीत आहे. नको असेल तर बॅगेतच ठेवते."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी सासूबाईंना सांगितलं तशी त्यांनी कातडं चिमटीत धरून बघितलं.

"भजनाच्या मृदंगाला काय कागद लावतेत का?" त्या म्हणाल्या. "अन् ही तर जिवतीच हाय की! श्रावनात आपन लावतो तशी, लेकुरवाळी. लाव पोरी, उगवतीकडं लाव."

'जिवती' मला इंग्रजीत सांगता येईना. सासूबाईंनीच हातांनी लेकरू झुलवून दाखवलं, आणि पोरगी मान डोलावत हसत सुटली. आपल्या भाषेत ती काहीतरी भराभर बोलत होती, सासूबाई आपल्या भाषेत उत्तरं देत होत्या, आणि दोघींनाही माझी गरज उरली नव्हती.

संध्याकाळी तिनं कढईत कॉफीचे दाणे भाजले. धूर जिन्यातून खाली उतरला आणि काय जळतंय म्हणून शेजारणी धावत आल्या. सगळ्यांना तिनं बिनकानाच्या इवल्याशा कपांतून कॉफी दिली. सासूबाईंनी पहिलाच घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं.

"लय कडू हाय गं," त्या म्हणाल्या, आणि कप पुन्हा पुढं केला.