बाईची बॉयलर कोंबडी

आमच्या दुकानासमोर टेम्पोनं करकचून ब्रेक मारला आणि मागचे दोन-तीन क्रेट धाडकन रस्त्यावर आले. आळेफाट्याला रस्त्यावर काही ना काही सांडायचंच, कधी टोमॅटो, कधी कांदे. पण कोंबड्या सांडल्यावर फाट्यावरच्या माणसांना जी चपळाई आली ती मी पुन्हा कधी पाहिली नाही. हॉटेलातला वेटर, गॅरेजवाला, नाशिकच्या गाडीची वाट बघत बसलेले पाव्हणे, सगळे धावले. ड्रायव्हरनं सगळ्यांना एकजात शिव्या घातल्या, हाताला लागल्या तेवढ्या कोंबड्या कोंबल्या आणि निघून गेला. एक कोंबडी तेवढी पाय ओढत, पंखांवर सरपटत आमच्या दुकानाच्या फळीखाली शिरली.

नेमकी आमच्याच. आम्ही जैन. आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. वडिलांचं किराणा दुकान, मागे घर. दुकानात अंडी ठेवणं सोडाच, नव्या केकच्या पुड्यावर अंड्याचं नाव दिसलं तर तो पुडा माघारी जायचा. आईला आम्ही बाई म्हणायचो. कोंबड्यांचा टेम्पो गेला की बाई नाकाला पदर लावायची. त्या दिवशी तीच बाई रस्त्यावर गुडघे टेकून बसली, फळीखाली हात घातला आणि कोंबडीला रिकाम्या पोत्यात गुंडाळून मागच्या अंगणात घेऊन आली.

“कुणाला तरी देऊन टाक,” वडील म्हणाले.

“कुणाला देऊ? जो घेईल तो कापेल.”

हे खरंच होतं. मी सुचवलं, पांजरापोळात विचारू. विचारलं. ते म्हणाले, गाय असेल तर आणा.

दुकानात गिऱ्हाइकांना आयतीच करमणूक झाली. “काय शेट, आता कोंबडी पण ठेवली व्हय? वजनावर देता का नगावर?” वडील कसनुसं हसायचे आणि उगाच तराजू पुसायचे. मला मात्र राग यायचा. गिऱ्हाइकांचा नव्हे, बाईचा. अख्ख्या फाट्यावर कोंबडी उचलायला ही एकटीच होती का, असं वाटायचं.

बाईनं तिला बिस्किटांच्या खोक्यात ठेवलं, पायाला हळद-तेल लावून चिंधी बांधली आणि समोर बाजरी टाकली. कोंबडी ढिम्म. मग ज्वारी झाली, तांदळाची कणी झाली, भिजवलेले मूग झाले. भाकरी कुस्करून झाली. कोंबडी दाण्यांवर पाय देऊन बसायची, पण चोच लावायची नाही. बाईनं बोट ओलं करून चोचीला लावलं तर थेंबभर पाणी तेवढं घ्यायची. चातुर्मास चालू होता, बाई स्वतः दिवसातून एकदाच जेवायची. उरलेला वेळ ती त्या खोक्यासमोर बसून असायची. “खा गं माझी आई. एक दाणा खा. एकच.” कोंबडीची मान दिवसेंदिवस खाली चालली होती.

“हिनं संथारा तर घेतला नसेल?” एकदा तिनं मला विचारलं. संथारा म्हणजे आमच्यात म्हातारी माणसं अन्नपाणी सोडून मरण स्वीकारतात ते.

“बाई, संथारा माणूस समजून-उमजून घेतं. हिला काय कळतंय?”

“मग मी हिला उपाशी मारतेय,” बाई म्हणाली. तिच्या आवाजानं माझा सगळा ताठा उतरला.

शेवटी गुरांचे डॉक्टर साखर न्यायला आले होते, त्यांना तिनं मागे बोलावलं. त्यांनी कोंबडी उचलून पाहिली आणि हसले. “भाभी, ही बॉयलर आहे. शेडमध्ये जन्मली, शेडमधलं खाद्य खाऊन वाढली. दाणा खायचा असतो हे हिला ठाऊकच नाही. तुमची बाजरी म्हणजे हिच्या लेखी खडे. पोल्ट्रीचं खाद्य आणा, लगेच खाईल.”

“त्या खाद्यात काय असतं?” घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल बाई हे विचारायचीच.

“मका, सोयाबीनची पेंड आणि सुकट. मासळी वाळवून, दळून घालतात.”

“झालं, संपला विषय,” असं म्हणून वडील दुकानात गेले.

बाईचा विषय मात्र तिथून सुरू झाला. एक जीव वाचवायला मेलेल्या माशांचं पीठ दारात आणायचं? आणि नाही आणलं तर समोरचा जीव जाताना बघत बसायचं? आमच्या जैन स्थानकात साध्वीजींना विचारते म्हणून ती निघाली, स्थानकाच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. मी विचारलं, काय म्हणाल्या? “विचारलंच नाही,” ती म्हणाली. “नको म्हणाल्या असत्या तर ऐकावं लागलं असतं.” आणि मला म्हणाली, जा, घेऊन ये.

मी खाद्य आणलं. त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. पिशवी घरात नको, दुकानात नको, म्हणून न्हाणीमागच्या टाकीवर ठेवली. बाईनं तोंडाला फडकं बांधलं, जुन्या चमच्यानं खाद्य काढलं आणि पत्र्याच्या झाकणात ओतलं. कोंबडीनं मान वर केली. क्षणभर पाहिलं आणि मग जी तुटून पडली! झाकणावर चोचीची नुसती टकटक चालली होती. फडक्याआड बाई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नंतर तिनं डोक्यावरून अंघोळ केली. मग रोजच कोंबडीचं खाणं आणि बाईची अंघोळ, असं सुरू झालं.

कोंबडी बघता बघता भरली. तुरा लाल झाला. वडीलसुद्धा हात धुवायच्या निमित्तानं मागे येऊन डोकावून जायचे. बाईला वाटायला लागलं, पायसुद्धा सुधारेल, अंगणात फिरेल. पाय सुधारला नाही. उलट एक दिवस चांगल्या पायावरही तिला उठता येईना. छातीखालची पिसं झडली, खोक्याला घासून कातडी सोलवटली. बाई खाली जुनी धोतरं अंथरायची, बदलायची, पुन्हा अंथरायची.

पुन्हा डॉक्टरांना विचारलं. आता ते हसले नाहीत. “ही जात मांसासाठीच काढलेली आहे, भाभी. अंग वाढतं, पाय ते वजन पेलत नाहीत. दीड-दोन महिन्यांत कापतात. त्यापुढं ती जगेल असं कुणी धरलेलंच नसतं. खाणं निम्म्यावर आणा, तेवढाच आराम.”

जी खात नाही म्हणून बाई रडली होती, तिलाच आता उपाशी ठेवायचं होतं. टाकीवर पिशवी वाजली की कोंबडी ओरडायला लागायची. बाई अर्धा चमचा घालायची. झाकण रिकामं झालं की पुन्हा ओरडणं. बाई स्वयंपाकघरात जाऊन कानांवर हात ठेवून उभी राहायची. मी म्हणायचे, घाल ना थोडं. ती म्हणायची, “घातलं की पाय मोडतो, नाही घातलं की जीव तुटतो. काय करू तूच सांग.”

एका सकाळी बाईनं झाकण काठोकाठ भरलं. मी पाहिलं, पण तिला अडवलं नाही. कोंबडीनं सगळं संपवलं, ओरडली नाही, डोळे मिटून बसून राहिली. दुपारी बघितलं तर गेलेली होती.

खड्डा वडिलांनी खणला. दुकानात गिऱ्हाईक “शेट, ओ शेट” करत होतं, तरी ते मागे कुदळ घेऊन उभे होते. माती लोटल्यावर त्यांनी हात जोडले आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवून घ्यायचो. मी बाईचं ताट वाढलं. त्या दिवशी तिचं दिवसातलं ते एकच जेवणही राहिलं होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसली.

“आज पोटभर घातलं म्हणून गेली,” तिनं विचारलं, “की इतके दिवस अर्धपोटी ठेवलं म्हणून?”

“ते मला ठाऊक नाही बाई,” मी म्हणाले. “तू खा.”

तिनं तुकडा ताटात ठेवला.

“खा ना बाई. एक घास खा. एकच,” मी म्हणत राहिले.