पाठमोऱ्या मॅडम

लिंबायतच्या भिकनला इंग्रजी शिकायची हौस मुळीच नव्हती. पण शेठने कापड विणायचे जुने लूम भंगारात काढून नवीन मशीनं आणायचं ठरवलं. ती बसवायला परदेशी इंजिनीअर येणार होता. मशीन रोज काय करतं आणि आत्ता काय करतंय, एवढं जो त्याला इंग्रजीत सांगेल तोच कामावर राहील, असा शेठने हुकूम सोडला. शेठला स्वतःला किती येतं, हे विचारायची सोय नव्हती. उभं आयुष्य लूमवर घालवलेला भिकन मग पोरासोरांत संध्याकाळच्या क्लासला जाऊन बसला.

गायत्री मॅडम तशा वाईट नव्हत्या. रोजच्या कामाचं वाक्य वेगळं, चालू कामाचं वेगळं, हे बिचाऱ्या जीव तोडून सांगायच्या. पण सांगायच्या फळ्याला! लिहिता लिहिता बोलायच्या आणि वर्गाला दिसायची ती त्यांची वेणी. लूमच्या खडखडाटात भिकनचे कान कधीच गेले होते. कारखान्यात सगळेच ओठांकडे बघून आणि हातवारे करून बोलतात, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता. निदान त्याची तशी समजूत होती. आता वेणीकडे बघून माणसाने वाक्य ओळखायचं तरी कसं? प्रश्न आला की तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. मॅडम वळून म्हणायच्या, काकांचं लक्षच नसतं. पोरं फिदीफिदी हसायची.

एका संध्याकाळी तो तणतणत घरी आला. क्लास गेला खड्ड्यात, म्हणाला. त्याची बायको सुभद्राबाई भाकरी टाकत होती. ती उठली, अगदी त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि मग बोलली.

"तुमले आयकू येत नही, हाई माले कधीनं माहित शे. मी कधी पाठ करीसन बोलस का? मॅडमले सांगी द्या."

भिकनचा संताप संताप झाला. इतकी वर्षं झाकलेलं घरात बायकोला ठाऊक होतं तर! आणि मॅडमना सांगायचं म्हणजे वर्गाला सांगायचं, वर्गातून शेठपर्यंत जायला कितीसा वेळ? बहिऱ्याला नव्या मशीनवर कोण उभं करणार? पण न सांगावं तर इंग्रजी येत नाही, आणि मशीन तसंही हातचं जाणार. दुसऱ्या दिवशी लूमवर उभ्या उभ्या त्याने एक वाक्य जुळवलं.

क्लासमध्ये मॅडमनी एकेकाला नकाराचं वाक्य सांगायला लावलं होतं. शेजाऱ्याने कोपर मारलं तसा भिकन उठला.

"मॅडम, आय डोन्ट हिअर."

मॅडमनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते वाक्य तसंच्या तसं फळ्यावर उतरवलं आणि पुढे बरोबरची खूण केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या भिकनला नुसत्या दिसल्या. आयुष्यभर लपवलेलं दुखणं फळ्यावर चढलं होतं आणि त्याला शाबासकी मिळत होती! त्याचं डोकंच फिरलं. तो ताडताड पुढे गेला आणि मॅडम आणि फळा यांच्या मधोमध उभा राहिला.

"हे उदाहरण नाही, मॅडम. मला खरंच ऐकू येत नाही. आमच्याकडे तोंड करून शिकवा."

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. मॅडमचा चेहरा उतरला.

"काका, आधी का नाही सांगितलंत?"

त्याच्याकडे तोंड करून विचारलेला शब्दन् शब्द त्याला समजला, आणि हे इतकं सोपं होतं, याचाच त्याला जास्त राग आला.