बाकावरचा प्रतिनिधी

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी वर्गाचा मॉनिटर झालो. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जाते आणि मीही आता ती दुरुस्त करायला जात नाही. खरं पद 'संशोधन परिषदेवरचा विद्यार्थी प्रतिनिधी' असं आहे. पण लेकीने जेवताना एकदा शांतपणे विचारलं, "बाबा, मग फळा पण तुम्हीच पुसता का?" तेव्हापासून खरं पद कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

मी भोरच्या एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो. चार वर्षांपूर्वी पीएच.डी. करायची खुमखुमी आली, आणि कापूरहोळ सोडून भोरकडे येताना लागणाऱ्या एका संशोधन संस्थेत मी नाव घातलं. विषय घेतला वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांचे झरे. कुठला झरा कधी आटतो, त्यातला गाळ कोण काढतं, कोण काढायचं बंद झालं. माझी सासुरवाडी तिकडचीच. विषय ऐकून मेहुणा म्हणाला, "दाजी, हे तर म्या बी सांगतो. आटला का आटला. त्याला चार वर्सं कशाला?"

चार पुरली नाहीत, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

त्यातलं पहिलं वर्ष तर संस्थेतली 'संशोधन शाळा', जी पीएच.डी.चा सगळा कारभार बघते, ती चालते कशी हे समजण्यातच गेलं. सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून मुरलेला माणूस मी. कुठेही गेलो की आधी सही कोणाची चालते ते शोधतो. इथे तसा माणूसच सापडेना. संस्थेत विभाग आहेत: भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र, आणखी काही. प्राध्यापक सगळे त्या त्या विभागाचे. विद्यार्थी मात्र कुठल्याच विभागाचे नाहीत. ते संशोधन शाळेचे. आणि शाळेकडे स्वतःचा एकही प्राध्यापक नाही. तिच्याकडे आहेत एक संचालक, एक सचिवबाई, एक शिपाई आणि कुलूप न लागणारं कपाट. संचालकसुद्धा वनस्पतिशास्त्रातून तीन वर्षांसाठी उसने आणलेले. तीन वर्षं झाली की ते परत आपल्या शेवाळाकडे जाणार आणि दुसऱ्या विभागाचा माणूस खुर्चीत बसणार. सगळ्यांच्या वर परिषद. तिच्यात प्रत्येक विभागाचा प्रमुख, आणि कोपऱ्यात मी.

मी निवडून कसा आलो? उभं राहायला कोणी तयार नव्हतं, आणि सगळ्यांत म्हातारा मी.

परिषदेचा एक नियम मला निवडून आल्यावर कळला. एखाद्या विद्यार्थ्याचं वैयक्तिक प्रकरण निघालं की विद्यार्थी प्रतिनिधीने बाहेर जायचं. नियम रास्त आहे, माझी तक्रार नाही. फक्त परिषदेपुढे येणारं जवळपास सगळंच कुणा ना कुणा विद्यार्थ्याचं वैयक्तिक प्रकरण असतं. त्यामुळे माझी कारकीर्द मुख्यतः व्हरांड्यातल्या बाकावर गेली. तिथे आमचे शिपाईमामा बसतात, वरवे बुद्रुकचे, निवृत्तीला आलेले. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सरकून जागा दिली. "बसा सर. म्हंजे तुमी बी आमच्यातलेच. बाहेर बसायचं काम."

जुलैच्या मीटिंगला मात्र ते प्रकरण माझंच होतं.

झालं असं होतं. शाळेचा दंडक आहे की प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन जणांची समिती हवी, आणि त्यातला निदान एक दुसऱ्या विषयाचा. माझ्या मार्गदर्शक समाजशास्त्राच्या. झऱ्याखालचा खडक बघायला भूशास्त्राचे एक सर होते, ते दुसऱ्या गावी गेले. जागा रिकामी. ती जुलैपर्यंत भरली नाही तर माझी नोंदणी स्थगित. आता, स्थगित झालेली गोष्ट मी पुन्हा सुरू केल्याचं माझ्या घरात कुणाला आठवत नाही. पेटी, सकाळचं फिरणं, गच्चीवरचा भाजीपाला, सगळं स्थगितच आहे. ही पीएच.डी. थांबली की कायमची थांबणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि झरे तर दर उन्हाळ्याला कमी होत होते.

भूशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंनी माणूस द्यायला साफ नकार दिला होता. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "आमची माणसं सगळ्यांच्या समित्यांवर बसतात. आमच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना माणूस मागितला की सगळे कामात असतात."

मीटिंगची तारीख मी घरी सांगितली, तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"त्या दिवशी भावाकडं लावणी आहे."

"हो का?"

"मागच्या आठवड्यात त्याच्याकडची चार माणसं आपल्या भाटघरच्या खाचरात राबून गेली. मी आणि लेक जाऊ. दोन झाली. बाकीची दोन?"

"दुपारी येतो मी."

"दुपारी येऊन बांधावर फोटो काढाल."

आमच्याकडे भातलावणी सावडीवर चालते. आज तुमची माणसं माझ्या खाचरात, उद्या माझी तुमच्या. मजुरी नाही, माणसाला माणूस. हे मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात फार सुरेख लिहिलं आहे.

मीटिंगला पहिला विषय सर्वसाधारण होता: समित्यांवर माणसं मिळत नाहीत, काय करावं. सर्वसाधारण म्हणजे मला आत बसता येत होतं. अर्धा तास सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. मग मी हात वर केला. हात वर करायची सवय काही जात नाही. म्हटलं, आमच्याकडे सावड असते. एका विभागाने माणूस दिला की ज्याने घेतला त्याने तेवढे दिवस परत द्यायचे. आणि तिसरं प्रकरण जवळपास पाठ म्हणून दाखवलं.

भूशास्त्राच्या बाई चष्मा काढून ऐकत होत्या. "आणि एखाद्याने फेड केली नाही तर?"

"पुढच्या वर्षी त्याच्याकडे कोणी जात नाही."

"लिहून कुठे ठेवता?"

"लिहीत नाही मॅडम. बायका लक्षात ठेवतात."

इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवबाईंचं पेन थांबलं.

"तुम्ही स्वतः जाता सावडीला?" भूशास्त्राच्या बाईंनी विचारलं.

इथे मी थोडक्यात 'हो' म्हणायला हवं होतं. पण प्रामाणिकपणाचा झटका आला. "आजच आहे," मी म्हणालो. "मेहुण्याकडे."

"आज?"

"हो."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

मी फाइलमधलं तिसरं प्रकरण चाळायला लागलो. संचालकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पुढचा विषय, वैयक्तिक प्रकरणं." मी फाइल उचलून बाहेर आलो. इतक्या आनंदाने त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो.

तेवढ्यात बायकोचा फोन. "कुठं आहात?"

"बाकावर."

मागून मेहुण्याचा आवाज आला, "ताई, दे हिकडं," आणि मग थेट कानात, "दाजी, रोपाच्या जुड्या कोन वाहनार? का त्या बी परिषदंपुढं ठेवायच्या?"

फोन ठेवला. शिपाईमामांनी सगळं ऐकलं होतं. "लावनी हाय म्हना की," ते म्हणाले. "मग आज इथं यायचंच न्हाई, सर. म्या रजा टाकून करून आलो परवाच."

एवढ्यात दार उघडून सचिवबाईंनी मला आत बोलावलं. मध्येच आत बोलावलं जाण्याची ही माझी पहिलीच वेळ. वाटलं, संपलं.

भूशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या समितीवर मी स्वतः बसते. पण फेड तुमच्या मार्गदर्शकांच्या विभागाकडून नको, ते विसरतात. तुमच्याकडून हवी. माझ्या हाताखालच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी झरा फक्त नकाशात पाहिलाय. मी तुमची प्रकरणं वाचायला जितके दिवस घालवीन, तितके दिवस तुम्ही त्यांना वेल्ह्याचे डोंगर चढवायचे. भात कापणीला येईल तेव्हा, पाऊस गेल्यावर."

मी मान हलवली. जरा जास्तच वेळ हलवली असावी.

सचिवबाईंनी विचारलं, "हे इतिवृत्तात कसं लिहू?"

"सदस्य म्हणून मान्यता, एवढंच लिहा," संचालक म्हणाले.

"बाकीचं मी लक्षात ठेवीन," भूशास्त्राच्या बाई म्हणाल्या. "आता निघा तुम्ही. अजून उजेड आहे."

भुरभुर पावसात गाडी काढली, नसरापूरवरून आत वळलो, आणि मेहुण्याच्या बांधावर पोचलो तेव्हा शेवटचं खाचर राहिलं होतं. "आलं मॉनिटर," मेहुणा ओरडला. लेक चिखलात गुडघ्यापर्यंत उभी होती. तिने हात जोडून "उपस्थित" म्हटलं. मी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेतला आणि जुड्या वाहायला लागलो. चौथ्या खेपेला घसरून बसलो. जुड्या मात्र वर धरल्या होत्या, हे कोणी पाहिलं नाही.

चहाच्या वेळी बायकोला सगळं सांगितलं. नोंदणी वाचली, तेही. तिने पदराने माझ्या कानामागचा चिखल पुसला. "बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे तिथंही फेड अंगावर घेऊनच आलात."

"हो."

"इथली तुमची अर्ध्या दिवसाची झाली. अर्धा राहिला, आणि चौथा माणूस राहिला. ते कापणीला."

मेहुण्याने लगेच मान डोलवली. तोही लक्षात ठेवणाऱ्यांतलाच.

आता परिस्थिती अशी आहे. माझी नोंदणी चालू आहे, तिसरं प्रकरण मी पुन्हा लिहितो आहे, आणि पाऊस गेल्यावर मी एका वेळी दोन ठिकाणी हवा आहे. एकीकडची आठवण बायकोकडे आहे, दुसरीकडची भूशास्त्राच्या बाईंकडे, आणि दोघींपैकी कोणी काही विसरल्याचं ऐकिवात नाही. कापणी आणि डोंगर एकाच आठवड्यात आले तर काय करायचं, हे परिषदेपुढे ठेवावं असं एकदा मनात आलं होतं. पण ते वैयक्तिक प्रकरण ठरेल, आणि शिपाईमामा पुन्हा सरकून मला जागा देतील.