नाक्यावरचा जवान आणि पुस्तकातला रझाकार

नदीपलीकडच्या एका गुरुजींनी करोडगिरी नाक्यावरच्या जवानाला फसवलं. तो मेल्यावर फसवलं, आणि माझ्या नावावर फसवलं.

करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. आमचं गाव भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या काठी. पलीकडे वऱ्हाड. कापसाची गाडी पार न्यायची तर नाक्यावर थांबावं लागे. तिथला जवान मुसलमान, अंगावर सरकारी खाकी. गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा चोरटा माल बाहेर काढायचा. आम्ही त्याला शिव्या घालायचो.

रझाकारांनी आमच्या खळ्यातली ज्वारी पेटवली. बापाला चावडीसमोर इतकं मारलं की त्याचा उजवा हात पुन्हा कधी वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी बापाला कापसाखाली निजवून मी गाडी जुंपली. नाक्यावर रझाकार बसलेलेच होते. जवानाने सवयीने हात आत घातला आणि तो थांबला. त्याच्या मुठीत बापाचा पाय होता, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. त्याने हात काढला, बाहीवरचा कापूस झटकला.

"कपासच है. जाने दो."

पुढे पोलीस ॲक्शन झाली, फौज आली, आम्ही वऱ्हाडातून परतलो. नाका जळालेला होता. जवानाला आमच्याच गावच्या माणसांनी नदीच्या वाळूत गाठून कुऱ्हाडीने तोडलं होतं. खाकी दिसली म्हणजे रझाकार, एवढीच त्यांची पारख. त्यातले दोघे आमच्या पंगतीला बसणारे होते.

मग राज्यांची फेररचना झाली. आमचे सोयरे महाराष्ट्रात, आम्ही आंध्रात. आदिलाबादच्या बाजारात मी हमालीपासून सुरुवात करून स्वतःची अडत उभी केली. तिथेच गुरुजी मला शोधत आले. लढ्याचं पुस्तक लिहीत होते. मी त्यांना ज्वारीही सांगितली, नाकाही आणि वाळूही.

पुस्तक छापून आलं. मी ते कापसाची गाडी पारखतात तसं पारखलं. वरचा शुभ्र थर बाजूला सारून आत हात घातला. ज्वारी होती, बापाचा हात होता. त्यातलं एक अक्षर खोटं नाही, आणि कोणी ते पुसू पाहिलं तर मी त्याचाही गळा धरीन. पण वाळू नव्हती. फौज आल्यावर 'परिस्थिती निवळली', एवढंच. आणि नाक्यावरचा जवान? 'क्रूर रझाकार'. शेवटच्या पानावर माहिती पुरवल्याबद्दल माझे आभार.

जवानाची बायको आदिलाबादेतच जिनिंगमध्ये बारदान शिवायची. तिची मुलगी मराठी शाळेत शिकलेली. तिने आईला ते पान वाचून दाखवलं. भाभी माझ्या अडतीच्या पायरीशी आली, वर चढली नाही.

"भैया, ये आपने लिखवाया?"

मी असं सांगितलंच नव्हतं, हे मी सांगत राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि निघून गेली.

मी नदी ओलांडून गुरुजींचं घर गाठलं.

"शेठ, रागावू नका," ते म्हणाले. "पुस्तक लढ्याचं आहे. आपल्या माणसांची कुऱ्हाड त्यात कशी दाखवू?"

"माह्या बापाचा पाय कोनं सोडला, थे तं दाखवा!"

"पुढच्या आवृत्तीत रझाकार शब्द काढतो. 'एक इसम' करतो."

"गुरुजी, मी बाजारात बसतो. माल बदलून देऊन राह्यले, थे समजते मले."

"बरं, मग तो उल्लेखच गाळतो. झालं?"

"गाळू नका! लिवा! काऊन भेता?"

"लोक विचारतील, मग लढा कशासाठी केला?"

"इचारू द्या नं! माह्या बापानं मार खाल्ला, तो नाही भ्याला उत्तर द्याले."

त्यांनी चहा मागवला. मी उठलो.

भाभी अजून बारदान शिवते. बाजारात दिसलो तर पदर ओढून दुसऱ्या गल्लीत वळते. तिच्या लेखी तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मारणारा मी. गुरुजींनी आदिलाबादला यावं, जिनिंगच्या फाटकाशी उभं राहावं, आणि हे कोणी लिहिलं ते तिच्या तोंडावर सांगावं. मी वाट बघतोय. कधी येता, गुरुजी?