अर्धी भाकरी

हॉस्टेलवरून घरी पोचलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. जेवायला बसलो आणि शेजारी ताईच्या ताटात अर्धीच भाकरी दिसली. ताई बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, तिला सातवा महिना लागलाय.

"एवढंच?" मी विचारलं.

"पोटभर खाल्लं की बाळ मोठं होतं, मग सुटका अवघड जाते," आई भाकरी थापत म्हणाली. "तुझ्या वेळी मी अर्धीवरच राहिले. अलगद मोकळी झाले."

"म्हणून तर हा असा काडीपैलवान," ताई म्हणाली.

मीही हसलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मूल आईच्या पोटात असतं तेव्हापासूनच त्याच्या वाढीचा पाया पडतो, हे तिथे शिकलो. पण आईला ते सांगायचं कसं? सांगितलं तर तिनं माझ्यासाठी मायेनं सोसलेली भूकच चुकीची ठरते. जिने चढताना मला धाप लागते, ती त्या अर्ध्या भाकरीमुळे असेल का? नसेलही, कुणास ठाऊक. ताईच्या बाळाला मात्र कधी असा प्रश्न पडू नये.

आईनं तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती मोडली आणि अर्धी ताईकडे सरकवली. ताईनं हात न लावता आईकडे पाहिलं.

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"कोरडी खाऊ नको," मग ती म्हणाली, आणि ताईच्या ताटात तिनं आमटीचा डाव ओतला.